लाल दिवा लागतो, पण टीव्ही सुरू होत नाही

प्रश्न: काल रात्री टीव्ही बंद केला तेव्हा एकदम व्यवस्थित होता, सकाळी रिमोट दाबला तर काहीच नाही. खाली बारीक लाल दिवा लागलेला दिसतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. रिमोटचे सेल बदलून झाले. आता नवीन टीव्हीच घ्यावा लागेल का?

उत्तर: नवीन टीव्हीचा विचार आत्ता बाजूला ठेवा. लाल दिवा लागतोय म्हणजे प्लग, वायर आणि आतला स्टँडबाय सप्लाय चालू आहे, आणि हे समजलं की निम्मं काम झालं. टीव्ही बंद असतो तेव्हाही एक छोटा सप्लाय रिमोटचा सिग्नल ओळखण्यापुरता जागा असतो. तुम्ही बटण दाबलं की मेन बोर्ड बाकीच्या सप्लायला उठवतो आणि मग चित्र येतं. तुमच्याकडे हे उठवणंच कुठेतरी अडलंय.

आधी रिमोट तपासा, सेल नवीन टाकले म्हणजे रिमोट चांगला असं होत नाही. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करून बटण दाबा, मोबाईलच्या स्क्रीनवर रिमोटचा बल्ब जांभळट किंवा पांढरा चमकताना दिसायला हवा. काही मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश दिसत नाही, मग सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. आणि बहुतेक टीव्हींना स्वतःचं बटण असतं, लोगोच्या खाली किंवा मागच्या कडेला बोटांनी चाचपडा, बऱ्याच लोकांना ते वर्षानुवर्षं माहीतच नसतं!

त्या बटणानेही सुरू झाला नाही तर प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करणं वेगळं आणि प्लग काढणं वेगळं, कारण रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो आणि आतला प्रोसेसर एकदा अडकला की तसाच अडकून बसतो. प्लग काढल्यावर टीव्हीवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, मग दोन-चार मिनिटं थांबा, सेट टॉप बॉक्स, पेन ड्राइव्ह, एचडीएमआय वायर सगळं काढून टाका, आणि एक्स्टेंशन न वापरता थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. पुष्कळ वेळा टीव्ही इथेच सुरू होतो. झाला तर वायरी एकेक करून परत लावा, ज्या वायरीला परत अडकेल तिथेच दोष.

नाहीच झाला तर बटण दाबल्यावर लाल दिव्याकडे नीट लक्ष द्या. तो थांबून थांबून लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकला आणि मग किती थांबला ते मोजा, दोन-तीनदा मोजून कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच कंपन्यांच्या टीव्हीत हा कोड असतो, प्रत्येकीचा वेगळा. मेकॅनिकला फोनवरच हा आकडा सांगितला तर कुठला भाग बघायचा हे त्याला येण्याआधीच कळू शकतं.

प्रश्न: आमच्याकडे आवाज छान येतो, चॅनलही बदलतं, फक्त चित्र नाही. पॅनल गेलं म्हणतात, खरं का?

उत्तर: लगेच मान्य करू नका. रात्री खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरा. काळ्या काचेत माणसं, अक्षरं पुसटशी हलताना दिसली तर पॅनलवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या काचेवर, चित्र येतंय, फक्त त्याच्या मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट बंद आहे. एलईडीच्या पट्ट्यांमध्ये छोटे बल्ब एकामागोमाग जोडलेले असतात, त्यातला एक गेला की अख्खी रांग बंद पडते. हे दुरुस्त होतं. फक्त एकच पट्टी न बदलता पूर्ण सेट बदलून घ्या, कारण बाकीचे बल्बही तेवढेच तास जळलेले असतात. नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट थोडा कमी ठेवा, पट्ट्या जास्त टिकतात. हे काम घरी मात्र करू नका, पॅनलची काच फार नाजूक असते आणि ती तडकली तर मग खरंच काही उरत नाही.

प्रश्न: लाइट जाऊन परत आली तेव्हापासून लाल दिवासुद्धा लागत नाही. मुलगा म्हणतो मागचं कव्हर उघडून फ्यूज बदलतो.

उत्तर: त्याला थांबवा, अगदी हात धरून थांबवा! २३० व्होल्टच्या लाइनवर चालणाऱ्या टीव्हीत पॉवर बोर्डवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या वर डीसी साठतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथेच राहू शकतं, तो झटका जीवावर बेतू शकतो. शिवाय फ्यूज सहसा उगाच उडत नाही, पुढे काहीतरी शॉर्ट झालेलं असतं, नवा टाकला तर तोही जातो. त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा, टीव्हीची वायर सुटी निघणारी असेल तर दुसरी लावून बघा, एवढंच तुमचं काम. जळका वास आला असेल तर तेही करू नका, प्लग काढूनच ठेवा. मेकॅनिकने बघितल्या बघितल्या बोर्ड बदला म्हटलं तर आधी कपॅसिटर तपासायला सांगा. डोकं फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनीही दिसतो आणि तेवढाच बदलून बोर्ड चालू झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.