पोरांच्या प्रेमात मन गुंतत नसेल तर

सांगलीत परवा शाळकरी पोरांच्या प्रेमाचा सिनेमा बघून निघताना 'ही पोरं मला आपली वाटतच नाहीत' म्हणालास, म्हणून सांगतो. आधी त्यांच्याभोवतीचा धाक बघ. 'शाळा' या मराठी सिनेमातला जोशी आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर एकमेकांशी किती कमी बोलतात! गाव लहान, काळ १९७५ च्या आणीबाणीचा. मुलीशी नुसतं बोलणं हेच धाडस. हे ध्यानात आलं की त्यांचं गप्प राहणं कळायला लागतं.

दुसऱ्यांदा बघताना फक्त मुलीवर लक्ष ठेव. तिला स्वतःचं घर, भीती, हट्ट आहे का, की ती फक्त त्याला आवडण्यापुरतीच आहे? तसं असेल तर दोष तुझा नाही, पटकथेचा. असे सिनेमे बरेच आहेत. आणि हो, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत बघू नकोस.