लाल उजेडात लपलेल्या सुरकुत्या

प्रश्न : ‘इ वाम्पिरी’ (१९५७) या इटालियन भयपटात तरुण बाई कट न घेता डोळ्यांदेखत म्हातारी होते. हे कसं केलं? आमच्या शॉर्टफिल्ममध्ये जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल, पण कृष्णधवलमध्येच, रंगीतमध्ये उजेडाचा रंग बदललेला दिसेल. छायाचित्रकार मारिओ बावाने नायिका जान्ना मारिया कनालेच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आधीच लाल रंगात काढून घेतल्या होत्या. लाल उजेडात कातडी आणि लाल रेघ सारखीच उजळ दिसते, म्हणजे रेघ गायब. उजेड हिरवा झाला की तीच रेघ काळी उमटते. (युक्ती बावाची नव्हे, हॉलिवुडात छायाचित्रकार कार्ल स्ट्रसने १९३१च्या ‘जेकिल-हाइड’ चित्रपटात ती वापरली होती.)

सारखे दोन दिवे घ्या, एकावर लाल जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा पारदर्शक रंगीत कागद), दुसऱ्यावर हिरवं, आणि प्रत्येकाला उजेड कमी-जास्त करणारा स्वतंत्र डिमर. दिवे एकमेकांना चिकटून हवेत. अंतर पडलं की नाकाची सावली सरकते आणि चोरी पकडली जाते. लाल पूर्ण, हिरवा बंद, इथून सुरुवात करून पाच-सहा सेकंदांत एक उतरवा, दुसरा चढवा. मध्येच उजेड बसला तर प्रेक्षकाला दिवा बदलल्याचं कळतं, म्हणून डिमरवाल्यांची तालीम आधी घ्या. खिडक्या बंद ठेवा, साध्या उजेडात सुरकुत्या सुरुवातीलाच दिसतील. मोबाइलवर एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा, म्हणजे फोन ते आपोआप बदलणार नाही. एक्स्पोजर जरा कमीच ठेवा, नाहीतर लाल उजेडात चेहरा सपाट, पांढराफटक होतो. रेघ चक्क लाल हवी. मरून किंवा तपकिरी लपत नाही. आणि हो, कुंकू असेल तर तेही सुरुवातीला गायब असेल आणि मग सुरकुत्यांबरोबर उगवेल. काळी टिकली लावा.

प्रश्न : इतकं येत असून बावा दिग्दर्शक उशिरा का झाला, आणि स्वस्तातच का अडकला? – एक वाचक, पुणे

उत्तर : वडील एउजेनिओ मूकपटांच्या काळातले छायाचित्रकार, त्यामुळे कॅमेरा आणि ट्रिक घरातच शिकला. ‘इ वाम्पिरी’चं चित्रीकरण दिग्दर्शक रिकार्डो फ्रेडा अर्ध्यावर सोडून गेला, ते बावाने पुरं केलं. स्वतःच्या नावावरचा पहिला भयपट, अभिनेत्री बार्बरा स्टीलची भूमिका असलेला ‘ला मास्केरा देल देमोनियो’, १९६०चा. तेव्हा वय ४६. इंग्लंडात या चित्रपटावर १९६८पर्यंत बंदी होती.

१९६५च्या ‘तेर्रोरे नेल्लो स्पात्सिओ’मधला अख्खा परग्रह दोन प्लास्टिकच्या खडकांवर उभा केला, असं तो स्वतः सांगे. बाकी काम आरसे, धूर आणि रंगीत दिव्यांचं. धुराने जमीन झाकली की जमीन बांधायचा खर्चच वाचतो. आमच्या मते तो अडकला तो इथेच. दोन खडकांत भागवणाऱ्याला तिसरा कोण देणार?

१९७४मध्ये त्याचा ‘कानी आर्राब्याती’ हा चित्रपट चित्रित झाला, पण निर्मात्याचं दिवाळं निघालं आणि रिळं अडकून पडली. बावा १९८०मध्ये गेला. चित्रपट लोकांपुढे आला तो नव्वदच्या दशकात.