लिमिट होल्डेम (बेटेची रक्कम बांधलेला पोकर): हातात एक्का-राणी, टर्नवर तिसरं इस्पिक. मी चेक केलं आणि रिव्हरला पत्ते टाकले. बरोबर की चूक?

फ्लॉपचा रेझ बरोबर, टर्नचा चेक वादाचा, रिव्हरला पत्ते टाकणं चूक. या डावातली सगळ्यात महाग चूक तीच. (नवख्यांसाठी: मधली सामायिक पानं तीन टप्प्यांत उघडतात, फ्लॉप म्हणजे पहिली तीन, टर्न चौथं, रिव्हर पाचवं. चेक म्हणजे बेट न टाकता पाळी सोडणं, कॉल म्हणजे समोरची बेट भरणं, रेझ म्हणजे ती वाढवणं.) "पण समोरच्याकडे कलर (एकाच जातीची पाच पानं) असता तर?" असं तुम्ही दोनदा विचारलंय. लिमिटमध्ये तो अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा: कॉल कितीला पडतोय, आणि मध्ये किती पडलेत?

इतरांना धागा लागावा म्हणून डाव आधी सरळ मांडतो. घोडबंदर रोडच्या सोसायटीत शनिवारी सहाजण बसता. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. महिन्याअखेर ज्याच्या चिप्स सगळ्यात कमी, तो बाकीच्यांना मामलेदारची मिसळ खिलवतो. मर्यादा १०-२०, म्हणजे फ्लॉपपर्यंत बेट १० ची, टर्न-रिव्हरला २० ची. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी आधीच सक्तीने भरायचे, स्मॉल ५ आणि बिग १०. तुम्ही बटणावर (फ्लॉपपासून शेवटी बोलणारी जागा), हातात बदाम एक्का आणि किलवर राणी. मधल्या गड्याने १० चा नुसता कॉल केला, तुम्ही २० केले, स्मॉल ब्लाइंड गेला, बिग ब्लाइंड आणि मधला दोघंही आले. फ्लॉप: इस्पिक राणी, इस्पिक अठ्ठी, चौकट पंजी. बिग ब्लाइंड चेक, मधल्याची बेट १०, तुमचा रेझ २०, दोघांचे कॉल. टर्न इस्पिक नव्वी. दोघंही चेक, तुम्हीही चेक. रिव्हर किलवर तिर्री. बिग ब्लाइंडची २० ची बेट, मधला गेला, तुम्हीही पत्ते टाकले. मग बिग ब्लाइंडने पानं उघडली: किलवर राजा, किलवर अठ्ठी. अठ्ठीची जोडी.

हिशेबासाठी एक सवय आधी लावून घ्या. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) चिप्समध्ये मोजू नका, बेटांमध्ये मोजा. फ्लॉपच्या आधी तिघांच्या दोन-दोन म्हणजे ६ बेटा, वर स्मॉल ब्लाइंडची अर्धी, झाल्या साडेसहा. फ्लॉपला तिघांच्या दोन-दोन म्हणजे आणखी ६, एकूण साडेबारा. टर्नला बेट दुप्पट होते, म्हणून आकडा निम्मा करायचा: सव्वासहा मोठ्या बेटा. आता समोरून कुणी एक बेट टाकली की पॉट सव्वासात, आणि कॉल करणाऱ्याला मिळणारा भाव तोच, सव्वासातास एक. भागाकार करायची गरजच उरत नाही. चिप्सचे ढीग न मोजता हे डोक्यात बसायला दोन शनिवार पुरतात.

फ्लॉपवर तुमचा एक मित्र म्हणाला की नुसता कॉल करून टर्नला रेझ करायला हवा होता, कारण तिथे बेट दुप्पट असते. हा सल्ला ऐकायला छान वाटतो, पण इथे बसत नाही, आणि त्याचं कारण कोण कुठे बसलंय यात आहे. बेट टाकली मधल्याने, तो तुमच्या लगेच आधी बोलतो. तुमच्यानंतर पाळी येते बिग ब्लाइंडची. तुम्ही नुसता कॉल केला असता तर त्याला १० टाकून ८५ चा पॉट, म्हणजे साडेआठास एक. राजा-अठ्ठीला सुधारायला पाच पानं आहेत, दोन अठ्ठ्या आणि तीन राजे. न दिसलेल्या ४७ पानांत ही पाच, म्हणजे ४२ विरुद्ध ५, साधारण ८.४ ला एक. त्याचा कॉल अगदी काठावर बरोबर ठरला असता. तुम्ही रेझ केलात तेव्हा त्याच पानांसाठी त्याला २० टाकून ९५ चा पॉट मिळाला, पावणेपाचास एक. तरी तो आला. ती त्याची चूक, आणि ती तुमच्या रेझने घडवली. लिमिटमध्ये कुणाला दामटून बाहेर काढता येत नाही, पण चुकीच्या भावात आत यायला लावता येतं.

हीच बेट बिग ब्लाइंडने टाकली असती आणि मधला कॉल करून आधीच आत आला असता, तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे फ्लॉपचा रेझ कुणालाही थंड्या (आधी काही न भरता एकदम) दोन बेटा भरायला लावत नाही, नुसता पॉट फुगवतो, आणि फुगलेल्या पॉटात टर्नला सगळ्यांचे कॉल बरोबर ठरतात. तिथे टर्नची वाट बघणं मला पटतं.

आता टर्न. इस्पिक नव्वीने भीती वाटणं साहजिक आहे. कलर झाला, गुलाम-दश्शीचा सिक्वेन्स झाला, छक्की-सत्तीचाही झाला, नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्याही झाल्या. तरी मी बेट टाकतो, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे मोजणी. तुमच्या हातात एकही इस्पिक नाही, म्हणून बाहेर दहा इस्पिकं आहेत. कुठलीही दोन पानं धरली तर दोन्ही इस्पिक असण्याचे प्रकार ४५, आणि नेमकं एकच इस्पिक असण्याचे ३६०. फ्लॉपला दोन बेटा भरणाऱ्यांत कलरच्या आशेवरचे लोक जास्त असतात, म्हणून खरं प्रमाण आठास एक इतकं चांगलं नाही. पण एका मोठ्या इस्पिकावर बसलेला गडी तयार कलरपेक्षा जास्त वेळा समोर असतो. चेक केलंत की पुढचं पान त्याला फुकट. त्याला नऊ पानं आहेत, म्हणजे ३७ विरुद्ध ९, ४.१ ला एक. सव्वासाताच्या भावात त्याचा कॉल बरोबरच आहे, पण निदान २० भरून तरी पान बघू दे.

दुसरं, तुमच्याहून हलक्या राण्या. दोन राण्या बाहेर आहेत: राजा-राणीचे आठ प्रकार, राणी-गुलामचे आठ, राणी-दश्शीचे आठ. हे चोवीसही प्रकार २० भरतात. इस्पिक नसेल तर राजा-राणीकडे मारण्यासाठी तीनच पानं असतात, राणी-गुलाम आणि राणी-दश्शीकडे सिक्वेन्सची चार धरून सात.

तिसरं, दोघंही चेक करून बसलेत. ज्याचा सिक्वेन्स किंवा कलर लागला, त्याला तुम्ही मागे चेक कराल ही धास्ती असते, म्हणून असे बरेच जण स्वतःच बेट टाकतात.

बिग ब्लाइंडच्या राजा-अठ्ठीचंच घ्या. तुम्ही बेट टाकली असती तर त्याला सव्वासाताचा भाव, पानं येण्याचा हिशेब ८.२ ला एक. कॉल केला तर थोडा तोट्यात, गेला तर तुमचं भलं. चेक केल्यामुळे त्याला १२५ च्या पॉटातला ४६ पैकी ५ हिस्सा फुकट मिळाला, म्हणजे साडेतेरा चिप्सच्या आसपास. रिव्हरला तिर्री पडली म्हणून ते जाणवलं नाही, इतकंच.

बेटेवर चेक-रेझ (आधी चेक, मग तुमच्या बेटेवर रेझ) आला असता तर? या प्रश्नासाठीच बरेच जण चेक करतात, म्हणून त्याचाही हिशेब सांगतो. पॉट १२५, तुमचे २०, त्याचे ४०, एकूण १८५. तुम्हाला आणखी २०, आणि रिव्हरला पुन्हा २० भरायचे. म्हणजे ४० टाकून २०५ साठी. सहा वेळा शेवटपर्यंत गेलात, पाच वेळा हरलात तर २०० गेले, एकदाच जिंकलात तर २०५ आले. समोरचा अधूनमधून एका इस्पिकावर किंवा हलक्या राणीवर रेझ करणारा असेल तर शेवटपर्यंत जा. जो महिनोन् महिने रेझ करत नाही आणि आज केलाय, त्याच्यासमोर पत्ते टाका. तयार कलरसमोर तुमच्या हाताला वाचवणारं एकही पान गड्डीत नाही. नव्वी-अठ्ठीसमोर मात्र आठ पानं आहेत: दोन राण्या, तीन एक्के, आणि बोर्डवर (मधल्या पानांत) जोडी करणाऱ्या तीन पंज्या. पंजी आली तर राणी-पंजीच्या जोड्या नव्वी-अठ्ठीला भारी पडतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

तुमचा एक्का बदामचा होता. इस्पिकचा असता तर वाद मिटला असता: बेट, आणि चेक-रेझ आला तर डोळे मिटून कॉल. नऊ पानं सगळ्यात मोठ्या कलरची, आणि भाव सव्वानवास एक.

टर्नला चेक करणाऱ्यांची बाजूही अगदी पोकळ नाही. समोर एकच गडी असता आणि तो सतत बेटा टाकणारा असता, तर चेक करून रिव्हरला त्याच्याकडून एक बेट काढणं चांगली चाल आहे. पण त्या चालीचा दुसरा अर्धा भाग रिव्हरचा कॉल आहे. चेक करून तुम्ही सांगितलंत, "माझ्याकडे फारसं काही नाही." ते ऐकूनच त्याने अठ्ठीच्या जोडीवर बेट टाकली. तुम्हीच बोलावलेल्या बेटेसमोर मग पत्ते टाकलेत. चेक आणि फोल्ड ही जोडी कुठल्याच बाजूने जुळत नाही.

रिव्हरचे आकडे सोपे आहेत. पॉट १४५, कॉल २०. आठ वेळा कॉल केलात आणि सात वेळा हरलात तर १४० गेले, एकदा जिंकलात तर १४५ आले. आठात एकदा जरी तुमची राणी पुढे असेल तरी कॉल फायद्याचा. मधला आधीच गेलेला, तुमच्या मागे बोलणारं कुणी नाही, रेझची भीती नाही. तीन पत्तीत भीती वाटली की पॅक करणं शहाणपणाचं असतं, कारण चाल वाढत जाते. इथे रिव्हरला तुमची किंमत २० ला बांधलेली आहे.

याच डावात मी रिव्हरला पत्ते कधी टाकेन? चौथं इस्पिक पडलं आणि दोघांपैकी एकाने बेट, दुसऱ्याने कॉल केला तर. तिथे नुसत्या बेट टाकणाऱ्याला हरवून भागत नाही, कॉल करणाऱ्यालाही हरवावं लागतं, आणि बिनइस्पिकाची एक जोडी दोघांना क्वचितच पुरते. आणि तुम्ही टर्नला बेट टाकली असती, दोघं आले असते आणि रिव्हरला तिर्रीवर पुन्हा दोघांनी चेक केलं असतं, तर मी आणखी २० टाकले असते. राजा-राणी आणि राणी-गुलाम तिथे कॉल करतातच.

मित्रांपैकी कुणी "संगणकाने हा खेळ सोडवलाय" म्हणत असेल तर तेही नीट सांगा. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये दोघांमधला लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवला. शेवटी बोलणाऱ्याला फायदा असतो हे त्यातही दिसलं, आणि इथे तो फायदा तुमच्याकडे होता. पण तिघांच्या पॉटाचं उत्तर त्यात नाही.

घरी करून बघण्यासारखं: गड्डीतून तुमची दोन पानं, राजा-अठ्ठी आणि टर्नपर्यंतची चार पानं काढून ठेवा. उरलेली ४४ पिसून एकेक उलटत जा. पाच वेळा राजा किंवा अठ्ठी येईल, तेवढ्या वेळा फुकटात दिलेल्या पानाने पॉट गेला असता. मधल्या गड्याची पानं मात्र तुम्ही लिहिलेली नाहीत. विचारून कळलं तर इथे टाका. राणी-दश्शी किंवा राणी-गुलाम निघाला तर टर्नला त्याच्याकडून येणारे २० सुद्धा सुटलेत.