मरीन प्लायवूड आणि पाणी : होडीवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (वेंगुर्ले) : आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) चा शिक्का पाहूनच प्लाय घेतले होते. तरीही तीन वर्षांत होडीच्या बुडालगतची कड काळी पडून मऊ झाली. माल नकली होता का?

उत्तर : तसे असेलच असे नाही. त्या शिक्क्याचा मुख्य भरवसा ग्लूबद्दल आहे. या प्रतीच्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळल्यावरही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी कसोटी असते. ग्लू टिकला तरी लाकूड हे लाकूडच राहते आणि त्यातील ओल साधारण २० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी आपले काम सुरू करते. प्लायच्या सपाट अंगातून पाणी सावकाश शिरते. कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून मात्र ते झपाट्याने शोषले जाते, कारण तेथे लाकडाची रंध्रे उघडीच असतात. बहुतेक जण रंगाचे तीन हात सपाट भागावर देतात आणि कडेवरून ब्रश नुसता फिरवतात, तेथेच घोटाळा होतो. मऊ भाग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावा आणि टणक, उजळ लाकूड लागेपर्यंत कापून काढावा. नवा तुकडा जोडताना दोन्ही कडा १:८ उताराने तासाव्यात, म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लायसाठी ४८ मिलिमीटर रुंदीचा सांधा मिळतो.

प्रश्न (मालवण) : कडा आणि भोके इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) बंद करण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : आधी लाकूड कोरडे असल्याची खात्री करावी. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून प्लायवर बसवावा व उन्हात ठेवावा. आतून दव धरले तर अजून थांबावे. इपॉक्सी भर सकाळी लावू नये. ऊन चढते तशी लाकडातील हवा फुगते आणि थरात बुडबुडे उठतात. उलट दुपार कलल्यावर लाकूड निवत असताना तोच थर आत ओढला जातो. कड पहिला हात पिऊन टाकते, म्हणून तो चिकट असतानाच दुसरा व त्यामागून तिसरा हात द्यावा.

भोकांसाठी थोडी मेहनत अधिक आहे. बोल्ट ६ मिलिमीटरचा असेल तर भोक १० मिलिमीटरचे पाडावे, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरावे आणि ती कडक झाल्यावर मधोमध ६ मिलिमीटरचे भोक पाडावे. मग बोल्टाजवळून पाणी झिरपले तरी त्याला लाकूड भेटतच नाही.

दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर पुष्कळदा तेलकट साय येते. ती साध्या पाण्याने, खरखरीत घासणीने धुऊन मगच पॉलिश पेपर मारावा; आधी पेपर मारल्यास ती चोळून पसरते आणि पुढचा थर धरत नाही. लवकर वाळावे म्हणून हार्डनर (इपॉक्सी कडक करणारा दुसरा घटक) वाढवण्याची सवयही सोडावी, कारण त्याने थर कच्चा राहतो. शेवटी, उन्हाने इपॉक्सी खराब होते, त्यामुळे वर रंग हवाच.

प्रश्न (दापोली) : वडील होडीला काजूच्या टरफलांचे तेल लावत. आता त्यावरच इपॉक्सी लावावी का?

उत्तर : लावू नये. तेल मुरलेल्या लाकडाला इपॉक्सी पकडत नाही. जुनी पद्धत वाईट मुळीच नाही, मात्र ती दर वर्षी न चुकता पाळावी लागते.

प्रश्न (देवगड) : रोज वाळूवर ओढल्याने बूड झिजते. पत्रा ठोकावा का?

उत्तर : पत्र्याखाली पाणी अडकते आणि शंभर खिळ्यांची शंभर भोके पडतात. बुडावर काचेचे कापड (फायबरग्लास) इपॉक्सीत बसवावे. स्वस्त पडते म्हणून पॉलिस्टर रेझिन वापरल्यास ते प्लायवरून काही हंगामांत सुटू लागते. मधल्या कण्यावर टणक लाकडाची पट्टी झिजण्यासाठीच लावावी व झिजली की बदलावी. कापडाला खोल ओरखडा पडला, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नये, कारण तेथून आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते. होडी कायम खाडीत उभी असेल तर लाकूड पोखरणाऱ्या किड्यांसाठी तांबेयुक्त रंगही लागेल.

प्रश्न (पुणे) : आमची शिडाची छोटी होडी खडकवासल्यातच चालते, एरवी ताडपत्रीत गुंडाळलेली असते. समुद्र न पाहताही ती आतून कशी कुजली?

उत्तर : समुद्र न पाहिल्यामुळेच, असे म्हणावे लागेल. मीठ बुरशीला आवर घालते. पावसाच्या आणि धरणाच्या गोड्या पाण्यात तो अटकाव नसतो. त्यात अशा होड्यांच्या हवाबंद कप्प्यांत आतल्या आत दव धरते, आणि आतल्या बाजूचे प्लाय रंगवायला सहसा कोणी हात घालत नाही. होडी ठेवताना कप्प्यांची सगळी झाकणे आणि बुचे काढून ठेवावीत, पुढचा भाग उंच करावा, आणि ताडपत्री अंगाला न चिकटवता बांबूच्या आढ्यावरून दोन्ही बाजूंना मोकळी सोडावी, म्हणजे खालून वारा खेळेल. आतला कुजलेला भाग काढल्यावर कप्पे मात्र किमान काही आठवडे उघडे राहू द्यावेत. ओल्या लाकडावर इपॉक्सी लावली तर तीच ओल आत कोंडली जाईल.