एप्रिलमधे मुलांना चोरलच्या जंगलात नेऊ का?

ताई, तुम्ही विचारलंय की एप्रिलअखेर मुलांना घेऊन इंदूरजवळच्या चोरलला एक रात्र कॅम्प करायचाय, वणव्याची भीती कितपत. आणि वर एका भाऊंनी लिहून टाकलं की हे सगळं क्लायमेट चेंज आहे, आपल्या हातात काय. मी इंदूरहून तिकडे बरीच वर्षं ग्रुप नेतोय, म्हणून दोघांनाही सांगतो.

रात्र नकोच. सागाचा पाला तेव्हा पापडासारखा वाळलेला असतो, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात तो कधीकधी आवरत नाही, शिवाय कडेच्या शेतात बंदी असूनही गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जाळतातच. जायचंच तर पहाटे निघा, ऊन तापायच्या आत परत या, चूल नको, कपडे सुती घाला कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. धूर दिसला तर टेकडीवर पळू नका! आग चढावर माणसाला गाठते. रस्ता, उघडा खडक, नाहीतर आधीच जळून काळी पडलेली जमीन गाठायची. २०१८ च्या मार्चमधे तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर्स असेच वणव्यात सापडले, २० च्या वर माणसं गेली.

आता भाऊ तुम्ही. आपल्याकडे ठिणगी जवळजवळ नेहमी माणसाचीच असते, वाढलेली उष्णता फक्त पाला असा सुकवून ठेवते की जी ठिणगी विझली असती ती डोंगर खाते. पुढाऱ्यांना हे फार सोयीचं, खालच्याला पकडायचं तर मोहवाला आहे आणि हात वर करायचे तर हवामान आहे. ऑस्ट्रेलियाचे मॉरिसन २०१७ मधे मंत्री असताना संसदेत कोळशाचा खडा नाचवत होते, आणि २०१९ च्या डिसेंबरात देश जळत होता तेव्हा पंतप्रधान झालेले हेच साहेब हवाईला सुट्टीवर, लोक भडकले तेव्हा परतले.

आपल्याकडे डेहराडूनच्या फॉरेस्ट सर्व्हेकडून आगीचा सॅटेलाइट अलर्ट मोबाईलवर येतो हे खरंच चांगलंय, पण तो मेसेज वाचून बीटगार्ड, म्हणजे जंगलाच्या त्या भागाचा वनरक्षक, बरेचदा हिरवी फांदी घेऊनच आग झोडपायला धावतो, मग फायर लाइन, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, वेळेत साफ झाली का, माणसं किती हे कोणाला विचारायचं? मागे मत मागायला आलेल्या एकाला मी विचारलं होतं, तर म्हणाला, "अंकल, तुमच्या नळाला पाणी येतंय ना?"