चार लाख ओळी भरायच्यात? आधी ते इन्सर्ट थांबव

चादर-टॉवेलच्या बिलांच्या ओळी तू पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एकेक इन्सर्टने, म्हणजे एका वेळी एक ओळ घालणाऱ्या कमांडने, भरतोयस, म्हणून रात्र सरते. ऑटोकमिट चालू असलं की ओळीगणिक कमिट होतो, म्हणजे बदल पक्का केला जातो, आणि त्या बदलाची नोंद (लॉग) डिस्कवर उतरेपर्यंत दर वेळी थांबावं लागतं. त्याऐवजी अख्खी फाइल एकदम भरणारी कॉपी कमांड वापर. फाइल तुझ्याच मशीनवर असेल तर पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनातलं बॅकस्लॅश-कॉपी. नुसतं कॉपी ती सर्व्हरवर शोधतं.

मूळ टेबलात मात्र थेट ओतू नकोस. सगळे कॉलम टेक्स्ट असलेलं एक कच्चं टेबल कर, कारण एक ओळ चुकली की अख्खी कॉपी रद्द होते. अवतरणात असलेला ‘1,25,000’ हा आकडा न्यूमेरिक म्हणजे आकड्यांच्या कॉलममध्ये जात नाही, कच्च्यात जातो; स्वल्पविराम नंतर काढ. ‘चाटी गल्ली, सोलापूर’ हा पत्ता अवतरणात नसेल तर मात्र कच्चं टेबलही अडतं, स्वल्पविरामामुळे एक कॉलम जास्त होतो. एररमध्ये ओळीचा नंबर असतो, तो वाच. आणि मालाचा कोड 00417 असेल तर फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नकोस, 417 उरेल.

सगळ्यात घातक तारीख. डेटस्टाइल, म्हणजे तारीख वाचायचं सेटिंग, एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) असेल तर 05/06/2024 निमूट 6 मे होते. एरर येते ती फक्त 13/06 सारख्या तारखेला, बाकीच्या चुका दिसतही नाहीत! म्हणून कच्च्यातून मूळ टेबलात नेताना मजकुराची तारीख करणाऱ्या टू-डेट फंक्शनला दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्पष्ट सांग.

मूळ टेबल रिकामं असेल तर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) डेटा भरल्यावर बांध, मग अ‍ॅनालाइझ चालव, म्हणजे पोस्टग्रेसला डेटाचा नवा अंदाज मिळेल. ओळींची संख्या आणि रकमेची बेरीज खतावणीशी जुळली की कच्चं टेबल उडव.