वीज केंद्राच्या चिमणीतूनच कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत पुरला तर कोळसा चालू ठेवता येईल ना? महाराष्ट्रात हे का करत नाहीत?

"हे तंत्रज्ञान अजून कोणी वापरलेलंच नाही" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय म्हणून उत्तर देतोय, एरवी पुढे गेलो असतो. माझी 31 वर्षं एका खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटमध्ये गेली, त्यातली निम्मी कार्बन डायऑक्साइड काढायच्या सेक्शनवर. हवामानाच्या परिषदा भरायच्या कितीतरी आधीपासून खतवाले हा वायू पकडताहेत.

ॲबसॉर्बर नावाच्या टॉवरमध्ये अमोनियासाठी बनवलेला गॅस खालून वर जातो, गरम पोटॅशचं द्रावण वरून खाली येतं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड पिऊन घेतं. दुसऱ्या टॉवरमध्ये दाब सोडून वाफेनं उकळलं की ओकून टाकतं. तो वायू शेजारी युरियाला. एक टन युरियाला पाऊण टनाच्या आसपास लागतो.

ऐकायला सोपं आहे. एका पावसाळ्यात, तिसऱ्या पाळीत, पहाटे तीनच्या सुमारास ॲबसॉर्बरचा डीपी, म्हणजे तळ आणि माथा यांच्या दाबातला फरक, चढायला लागला. तळाची लेव्हल उतरतेय आणि डीपी चढतोय, म्हणजे आत फेस. लॅबवाला झोपला होता असं मी म्हणणार नाही, पण आला नाही. मीच सॅम्पल काढलं, मेजरिंग सिलिंडरमध्ये घालून, बोटं भाजत हलवलं आणि घड्याळ धरून बसलो. फेस काही सेकंदांत बसायला हवा. इथे दीड मिनिट झालं तरी बोटभर उभाच. तेवढ्यात पॅनलवरून ओरड, मेथॅनेटर (उरलासुरला कार्बन डायऑक्साइड मिथेन करून संपवणारं पुढचं भांडं) तापतोय! एक टक्का कार्बन डायऑक्साइड निसटला तरी तिथे तापमान साठेक अंशांनी उसळतं. लोड उतरवला. अँटिफोम, म्हणजे फेस मारायचं औषध, सोडणाऱ्या पंपानं नेमका तेव्हाच दगा दिला, म्हणून ते हातानं पॉटमध्ये ओतून दोनदा सोडलं. सहा वाजता डीपी जागेवर आला. नंतर कळलं, एका पंपाचं तेल द्रावणात झिरपत होतं. वाटीभर तेलानं अख्खा प्लांट नाचवला.

हे सगळं मी एका मुंजीत, पंगतीला बसलो असताना रंगवून सांगत होतो. शेजारी माझे थोरले साडू, जन्मभर वीज केंद्रात बॉयलरवर. जिलबीचा तुकडा मोडत म्हणाले, "अहो, तुमचा गॅस 28 किलो दाबाचा आणि धुतलेला. आमच्या चिमणीचा घ्या, मग बोला." आठ माणसं हसली.

तर तुमचं उत्तर त्यातच आहे. आमच्या गॅसमध्ये 18 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वर दाब. चिमणीच्या धुरात 12 ते 14 टक्के, हवेपेक्षा जादा दाब जवळपास शून्य, शिवाय राख, ऑक्सिजन आणि सल्फर, जे अमाइनचं द्रावण (धुरासाठी पोटॅशऐवजी हे वापरतात) नासवतात. ते द्रावण 120 अंशांना उकळायला टर्बाइनचीच वाफ चोरायची, म्हणजे विजेचा पाव हिस्सा पकडण्यातच जातो. 500 मेगावॉटचा एक संच दिवसाला अकरा-बारा हजार टन वायू सोडतो. मध्य प्रदेशात विंध्याचलच्या कोळसा वीज केंद्रात एनटीपीसीनं बसवलेला प्लांट रोज 20 टन पकडतो. 20! आपण तर साधं सल्फर काढायचं यंत्र बसवायचा नियम 2015 मध्ये केला आणि मुदती वाढवत वाढवत 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना सूट देऊन मोकळे झालो.

पुरायचं म्हणाल तर आपल्या पायाखालचा बसाल्ट चांगला आहे. आइसलंडमध्ये 2012 साली असल्याच खडकात सोडलेला वायू दोन वर्षांच्या आत 95 टक्के दगड झाला. मात्र तिथल्या पद्धतीत वायू पाण्यात विरघळवून सोडतात, टनभर वायूला 25 टन पाणी लागतं. मराठवाड्यात कुठून आणणार? समुद्राचं पाणी चालतं का याचे प्रयोग झालेत, पण लातूरला समुद्र नाही.

माझं स्पष्ट मत, विजेसाठी ह्या भानगडीत पडू नका, सौर-पवन स्वस्त आहे. पकडायचाच तर सिमेंटमध्ये पकडा, कारण तिथे चुनखडी भाजतानाच वायू सुटतो, इंधन काहीही वापरा. नॉर्वेतल्या ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्यात 2025 मध्ये सुरू झालेला प्लांट वर्षाला चार लाख टन पकडून समुद्रतळाखाली पुरतो. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंट कारखान्यांची रांग आहे, सुरुवात तिथून व्हावी. (कोळशाच्या बॉयलरचा धूर कुठेच पकडत नाहीत असं नाही. तुतिकोरिनला एका सोडा ॲश (धुण्याचा सोडा) कारखान्यात 2016 पासून पकडून मालात घातला जातोय. साडूंना तेव्हा लिंक पाठवली होती. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.)

एक गोष्ट मात्र पंगतीत मी सांगितली नव्हती. युरियात घातलेला कार्बन शेतात पडला की काही दिवसांत पुन्हा हवेत जातो. आणि युरिया प्लांट अचानक बंद पडला की आम्ही पकडलेला सगळा वायू व्हेंटमधून सरळ हवेत सोडायचो, त्याची शिट्टी कॉलनीपर्यंत ऐकू यायची. साडूंना हे अजून सुचलेलं नाही. कृपया हे उत्तर त्यांना फॉरवर्ड करू नका.